संस्कृत येतं म्हणून झोंगखा सोपी जाईल का? माझा अनुभव

संस्कृत घेऊन एमए केलेले, बौद्ध ग्रंथांची ओढ असलेले बरेच जण विचारतात की भूतानची झोंगखा शिकायचीय, संस्कृतचा किती उपयोग होईल. मी त्याच वाटेनं गेलेय, आधी पुण्यात संस्कृत आणि मग थिंफूत राहून झोंगखा, त्यामुळे सुरुवातीला मला कुणीतरी सांगायला हवं होतं ते सगळं इथे लिहितेय. थोडक्यात सांगायचं तर कागदावर संस्कृत कामाला येतं, पण तोंड उघडून बोलायची वेळ आली की मराठी.

झोंगखा ही संस्कृतची लेक नाही, लांबची भाचीसुद्धा नाही. ती तिबेटी-बर्मी कुळातली, तिबेटीच्या अगदी जवळची. झोंग म्हणजे किल्ला, खा म्हणजे तोंड किंवा भाषा, म्हणजे ही किल्ल्यातली भाषा. १९७१ मध्ये ती भूतानची राष्ट्रभाषा झाली. गोंधळ होतो तो लिपीमुळे, कारण लिपी तिबेटी आणि ती घेतलीय ब्राह्मीपासून निघालेल्या भारतीय लिपीवरून, परंपरा सातव्या शतकातल्या थोन्मी संभोटा या तिबेटी मंत्र्याचं नाव सांगते. त्यामुळे पहिल्या दिवशी क ख ग ङ, च छ ज ञ अशा ओळी समोर आल्या की एकदम माहेरी आल्यासारखं वाटतं. तीसच अक्षरं, माझी दोन दिवसांत पाठ झाली.

मग कळतं की घ, झ, ध, भ नाहीतच आणि ट-वर्गही नाही. पण मंत्र तर संस्कृतात आहेत, ते लिहायचे कसे? तर त, थ, द, न ही अक्षरं आरशात दिसावीत तशी उलटी फिरवायची की झाले ट, ठ, ड, ण, आणि घ हवा असेल तर ग च्या पायाशी ह जोडायचा. परक्या भाषेतला एक आवाज हरवू नये म्हणून कुणीतरी बसून अक्षरं फिरवली, हे पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा मला खरंच भरून आलं.

खरा त्रास स्पेलिंगचा. संस्कृतात लिहिलं तसं म्हणायची सवय असते, ती इथे सोडून द्यावी लागते. आठ हा आकडा लिहितात ब-र-ग-य-द आणि म्हणतात नुसतं 'गे'. भूतानला ते स्वतः ड्रुक युल म्हणतात, त्या नावात ब आणि र एकत्र लिहितात पण म्हणताना 'ड्रुक', म्हणजे तोंडात ड आहे आणि त्याला स्वतःचं साधं अक्षर नाही. शिवाय उंच सूर आणि खालचा सूर यांनी अर्थ बदलतो, तो कानानंच शिकायचा.

आता मराठीचा भाग. झोंगखात चहातला च वेगळा आणि चमच्यातला च वेगळा, दोघांना वेगवेगळी अक्षरं आहेत. संस्कृतच्या तासाला आपल्याला फक्त पहिला च घोटवून घेतात, पण दुसरा आपण घरी रोज बोलतो. झोंगखाचा पहिला आवाजही 'जवळ' मधल्या ज सारखाच आहे. वाक्यात क्रियापद शेवटी येतं, विभक्तीसाठी शब्दामागे छोटे शब्द लागतात, आणि 'मला' म्हणजे 'ङा लू', 'मला भाऊ आहे' ची रचनाही तशीच. नातं काही नाही, पण बोलताना फार सोपं जातं. तीन लिंगं, तीन वचनं, क्रियापदाचे दहा लकार असलं काहीच नाही.

मग अवघड काय? 'आहे'. माहितीतली, मुरलेली गोष्ट असेल तर 'यो' आणि आत्ता बघून कळलेली असेल तर 'दू'. मी एका शनिवारी भाजीबाजारातून आले आणि घरमालकीणबाईंना सांगितलं की तिथे एमा म्हणजे मिरची आहे, आणि म्हणाले 'यो'. त्या म्हणाल्या, तू रोज जातेस का तिथे? आत्ता बघून आलीस ना, मग 'दू' म्हण. आपणही 'डब्यात साखर आहे' आणि 'अगंबाई, साखर आहे की!' यात हाच फरक करतो, फक्त आपण तो 'की' मध्ये ठेवतो आणि ते क्रियापदात. पाणिनीचं व्याकरण पाठ असून मला हे कळायला सहा महिने लागले.

आकड्यांची मजा तर विचारूच नका. दशमान पद्धत आहेच, पण विसांवरही मोजतात. वीस म्हणजे 'खे ची', चाळीस 'खे न्यी', साठ 'खे सुम'. आपल्याकडे गावातली जुनी माणसं तीन विसा म्हणतात तसंच. आणि तीस? 'खे प्जेदा न्यी', म्हणजे दुसरी विशी अर्धी. संस्कृतात अडीचला अर्धतृतीय म्हणतात, तिसरा अर्धा, त्यातूनच आपलं अडीच आलं. हे जुळलं त्या दिवशी मी वहीत तारीख लिहून ठेवली.

शब्दांच्या बाबतीत संस्कृत पुन्हा उपयोगी पडतं, पण आवाजानं नाही, अर्थानं. जुन्या तिबेटी पंडितांनी शब्द उचलले नाहीत, भाषांतर केलं. दोरजी म्हणजे वज्र, सोनम म्हणजे पुण्य, शेरब म्हणजे प्रज्ञा, आणि राजांच्या नावातलं जिग्मे म्हणजे अभय, वांगचुक म्हणजे ईश्वर. थेट आलेले थोडे, पद्म लिहून पेमा म्हणतात आणि कर्म तसंच राहिलं. ऑफिसात ओळख करून देताना समोरच्याचं नाव मनात संस्कृतात उलटवायची सवय लावा, शंभर शब्द असेच पाठ होतात.

आणि एक, संस्कृतशी तुलना करायचीच तर झोंगखाशी नाही, छोकेशी करा. छोके म्हणजे जुनी ग्रंथांची तिबेटी, भूतानचे विद्वान शतकानुशतकं तीच लिहीत आले. तुम्हाला ग्रंथ वाचायचे असतील तर छोके शिका, माणसांशी बोलायचं असेल तर झोंगखा, दोन्ही एकदम सुरू करू नका, मी केलं आणि पहिलं वर्ष वाया गेलं. ल्हासा तिबेटीचे ऑडिओही ऐकू नका, उच्चार बिघडतात. बीबीएस या भूतानच्या सरकारी वाहिनीच्या झोंगखा बातम्या ऐका, कुएन्सेल या तिथल्या वर्तमानपत्राचा झोंगखा अंक घेऊन फक्त मथळे वाचा. शाळा इंग्रजी माध्यमाच्या असल्यामुळे थिंफूत सगळे तुमच्याशी इंग्रजीतच बोलतील, म्हणून एखाद्या आजीशी ओळख काढा. आणि वाक्याच्या शेवटी 'ला' लावायला विसरू नका, तो त्यांचा 'जी' आहे.