चित्रकाराची पहिली हातबाहुली
आयुष्यभर कागदावर चेहरे रंगवलेल्या चित्रकाराने पहिली हातबाहुली करताना चेहऱ्याआधी हाताचा विचार करावा, कारण तर्जनी मानेत आणि अंगठा व मधले बोट बाह्यांत गेल्यावरच ती हालचाल करू लागते. तर्जनीभोवती पुठ्ठ्याची सैलसर नळी करून तिच्यावर वर्तमानपत्राचा बोळा बांधावा आणि मैद्याच्या खळीत भिजवलेल्या कागदी पट्ट्यांचे चार-पाच थर वाळवत वाळवत चढवावेत. डोके हलकेच हवे. नाजूक छटांचा मोह येथे निश्चयाने टाळावा. नाक, भुवया आणि डोळ्यांच्या खोबणी ठळक उठवल्या, तरच मागच्या रांगेतील मुलालाही चेहरा दिसतो आणि मान किंचित कलताच सावलीमुळे भाव बदललेला भासतो. केरळच्या पावकथकळी या पारंपरिक हातबाहुल्यांच्या खेळातील लाकडी डोकी या दृष्टीने जरूर अभ्यासावीत. अंगरखा सुती कापडाचा, मनगट पूर्ण झाकेल इतका लांब शिवावा.