समुद्रात उतरण्यापूर्वी सनस्क्रीनची नळी तपासा
मालवणला प्रवाळ पाहण्यासाठी पाण्यात उतरणार असाल, तर सनस्क्रीनच्या नळीमागची बारीक अक्षरांतली घटकांची यादी आधी वाचावी. तीत ऑक्सिबेन्झोन (म्हणजेच बेन्झोफिनोन-३) किंवा ऑक्टिनॉक्सेट (म्हणजेच इथाइलहेक्झिल मेथॉक्सिसिनॅमेट) आढळल्यास ती नळी घेऊच नये. ऑक्सिबेन्झोन त्वचेतून रक्तात उतरते. शिवाय प्रयोगशाळेत त्याने प्रवाळांच्या अळ्यांना इजा झाल्याचे दिसले असून, अमेरिकेतील हवाई राज्याने १ जानेवारी २०२१ पासून या दोन्ही घटकांच्या सनस्क्रीनची डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय होणारी विक्री बंद केली आहे. नॅनो (अतिसूक्ष्म) कण नसलेले झिंक ऑक्साइडचे मलम त्या मानाने बरे. वेष्टनावरच्या 'रीफ सेफ' (प्रवाळांसाठी सुरक्षित) या शब्दांवर मात्र विसंबू नये. सर्वांत उत्तम म्हणजे लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा, कारण मग मलम चेहरा, मान, हातांचे पंजे आणि पायांपुरतेच लागते.