शेळ्यांच्या कुंपणाचा झटका असा तपासा

झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत थांबून थांबून क्षणभराचे झटके सोडणारं यंत्र, जोडलं की काम संपलं, असं नसतं. आमच्या शेळ्यांना चार तारा आहेत. सगळ्यात खालची जमिनीपासून सहा-सात इंचांवर, कारण शेळी आधी खालूनच तोंड घालते. टेस्टर, म्हणजे कुंपणाचे व्होल्ट मोजणारं यंत्र, मशीनपाशी नाही, कुंपणाच्या पार टोकाला लावायचा. तिथे 4,000 व्होल्टच्या आसपास दिसलं तर ठीक. कमी असेल तर तारेला टेकलेलं गवत कापा, फुटके इन्सुलेटर (तार खांबापासून वेगळी ठेवणारे तुकडे) शोधा. रात्री जा, ‘टक् टक्’ आवाज आणि ठिणगी लगेच सापडते. एप्रिल-मेत मात्र बहुतेकदा अर्थिंगच दगा देतं. माती सुकते आणि झटका कमी पडतो, तेव्हा जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या रॉडभोवती बादलीभर पाणी ओता. घरातली 230 व्होल्टची लाइन थेट तारेत सोडणारे महाभाग अजून आहेत. तसलं काही करू नका, माणूस जागीच जातो.