मनातली तालीम गडबडीसकट करा

मुलाखत, पहिलं भाषण किंवा लायसन्सची टेस्ट जवळ आली की बरेच जण डोळे मिटून यशाचं चित्र रंगवतात. त्याने बरं वाटतं, पण हाताला फारसं काही लागत नाही. तालीम कृतीची करा, आणि तीही अडचणींसकट. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत अमेरिकी जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी शिरलं, दिसेनासं झालं. तो हातांचे फटके मोजत पोहला आणि विश्वविक्रमासह जिंकला. असा घोटाळा झाला तर काय करायचं, याची मनातली तालीम तो आधीपासून करत असे.

मुलाखतीचंच घ्या. दार ढकलणं, 'आत येऊ का?' विचारणं, खुर्ची ओढणं, पंख्याची घरघर, सगळं खऱ्या वेगाने मनात चालवा. मग मध्येच उत्तर न येणारा प्रश्न घाला. एक श्वास घ्या आणि 'याची मला नक्की माहिती नाही' हे वाक्य खरंच पुटपुटा. (घरचे विचित्र नजरेने बघतील, बघू देत.) रोज पाच मिनिटं पुरतात, विषयाचा अभ्यास मात्र वेगळा करावाच लागतो. जमलं तर आदल्या दिवशी ती इमारत बाहेरून पाहून या, म्हणजे चित्रात तपशील भरणं सोपं जातं.