करवंदाचं कुंपण लावायचंय? मग बिया आत्ताच जमवा

मे संपत आलाय, करवंदं काळी पडायला लागलीत. पहिला जोराचा पाऊस पडला की पिकलेली फळं फुटतात, पाणचट होतात, म्हणून तोडणी आत्ताच उरका. आणि खाताना बिया थुंकून टाकू नका बरं का! करवंदाचं बी वाळवून पुढच्या वर्षासाठी ठेवलं तर उगवत नाही, त्याची उगवणशक्ती लवकर जाते. गर धुवून काढा, सावलीत जरा सुकवा आणि लगेच पिशवीत लावा. रोपं पुढच्या पावसाळ्यात बांधावर, दोन-अडीच फुटांवर एक. मोठ्या फळाची जात हवी असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' आहे, पण मग बियांच्या नादी लागू नका, गुटी कलमच (झाडावरच्या फांदीला मुळं फोडून केलेलं रोप) घ्या, कारण बियांपासून आलेलं झाड आईसारखं निघेलच असं नाही.

मुरमाड, हलकी जमीन चालते, फक्त पाणी साचायला नको. पहिले दोन उन्हाळे पाणी द्या, नंतर झाड आपलं आपण बघतं, आणि काटे असे की गुरं आत शिरत नाहीत. तारेच्या कुंपणाला एवढा खर्च करणाऱ्यांनी हे एकदा करून बघाच, कुंपणाचं कुंपण आणि वर फळं! छाटणी तोडणी झाल्यावर लगेच करा, थंडीत केली तर फुलं येणारी टोकंच जातात.

आता किचनचं. कच्ची हिरवी करवंदं लोणच्याला. चिरताना पांढरा चीक येतो, हाताला चिकटला की सुटत नाही, म्हणून हाताला आधी तेल लावा, अर्धी करून बिया काढा आणि तासभर मिठाच्या पाण्यात ठेवा, चीक बराच जातो. मग पूर्ण कोरडी करूनच मसाला घाला, ओलं राहिलं तर बुरशी धरते. चटणीला कच्ची करवंदं, हिरवी मिरची, लसूण, ओलं खोबरं आणि गूळ जरा सढळ हाताने.

जेलीला मात्र सगळी काळी घेऊ नका. जेली घट्ट धरायला लावणारं पेक्टिन कच्च्या फळात जास्त असतं, त्यामुळे निम्मी तरी लालसर, अर्धकच्ची हवीत, नाहीतर कितीही आटवा, पाकच राहतो. स्टीलच्या पातेल्यात शिजवा, अ‍ॅल्युमिनियम नको, आंबट आहे. रस फडक्यातून आपोआप गळू द्या, पिळलात की गढूळ होतो. वाटीभर रसाला पाऊण वाटी साखर घालून उकळा, थंड ताटलीत थेंब टाकून बोटाने ढकला, वर सुरकुती पडली की गॅस बंद.