जुनी टाटा इस्टेट सोडायची वेळ आली असेल, तर या चुका टाळा

आमच्या दारात २८ पावसाळे उभी राहिलेली टाटा इस्टेट २०२४ मध्ये मी सोडली. खरं तर ती २०२०मध्येच द्यायला हवी होती. मधल्या चार वर्षांत तिचं जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या गाडीचं होऊ नये, म्हणून हे लिहितोय.

इस्टेट आता अनेकांनी पाहिलेलीही नसते. टेल्कोनं, म्हणजे पुढे टाटा मोटर्स झालेल्या कंपनीनं, १९९२ साली आणलेली ही लांबलचक स्टेशन वॅगन पुण्यात बनायची. पिकअपच्या चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बांधलेली, १९४८ सीसीचं डिझेल इंजिन, आणि त्या काळात नवलाईच्या वाटणाऱ्या पॉवर विंडो. मागची सीट पाडली की दोन माणसं आरामात आडवी व्हायची. बाबांनी ती १९९६ला घेतली आणि माझं अर्धं बालपण त्या मागच्या जागेत, पोत्यांवर आणि पिशव्यांवर लोळत गेलं. त्यामुळे जीव गुंतणं मला कुणी समजावून सांगायला नको. पण जीव गुंतला म्हणून पत्रा गंजायचा थांबत नाही.

"इंजिन एका सेल्फमध्ये चालू होतं" यावर विसंबणं

सगळ्यात मोठी चूक हीच. सकाळी सेल्फ मारला, गाडी चालू झाली, की आपल्याला वाटतं अजून बरीच वर्षं काढेल. पण या गाडीत इंजिन ही अडचण नसतेच. हेच इंजिन सुमोतही होतं. पिस्टन, रिंगा, हेड गॅस्केट आजही मिळतात आणि ते उघडून बसवणारा मिस्त्री तालुक्याच्या गावीही सापडतो.

मिळत नाही ते फक्त इस्टेटचं असं सामान. डिकीचं मोठं दार, त्याची काच, मागच्या बाजूच्या लांब काचा, दारांचं रबरी बीडिंग. बीडिंग एकदा कडक झालं की पावसाचं पाणी आत येतं, कार्पेटखालच्या जाड फेल्टमध्ये मुरतं आणि महिनोन्‌महिने तिथेच राहतं. वरून रंग चकचकीत दिसतो आणि खालून तळ खाल्ला जात असतो.

म्हणून निर्णय घेण्याआधी बॉनेट उघडू नका, कार्पेट उचला. जाड स्क्रूड्रायव्हर घ्या आणि त्याच्या मुठीनं तळाचा पत्रा ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक. आवाज बद्द आला तर स्क्रूड्रायव्हर उलटा धरून टोकानं दाबा. दारांखालची आडवी पट्टी, चालकाच्या टाचेखालची जागा, मागचं सस्पेन्शन चासीला जिथे धरलंय तो भाग, आणि डिकीच्या दाराची खालची कड, एवढं नीट पाहा. बाहेरून तपासायला फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पुरतं. जिथे ते चिकटत नाही तिथे रंगाखाली पत्रा नाही, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली आहे.

आमच्या गाडीत डाव्या दाराखाली स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर त्याबरोबर तपकिरी पापुद्रे आले, ओल्या पुठ्ठ्यासारखे. डेंटर शेजारी उकिडवा बसला होता. तो म्हणाला, "साहेब, नवीन पत्रा जोडायला आधी कडेला चांगला पत्रा तरी सापडला पाहिजे." वेल्डिंगला धरायला जागाच नसेल तर खर्चाचा अंदाज देणाऱ्याचाही नाइलाज असतो. चासी शाबूत आणि गंज फक्त वरच्या पत्र्याला असेल, तर काम अवघड असलं तरी होण्यासारखं आहे. चासीच खाल्ली गेली असेल तर ती गाडी रस्त्यावर आणू नये, इतकं माझं स्पष्ट मत आहे. त्यात आपली माणसं बसणार असतात.

आधी रंग, मग बाकीचं

मी २०१९ला पूर्ण गाडी रंगवून घेतली होती. गंजावर लांबी, लांबीवर रंग. दोन पावसाळ्यांत फोड आले आणि तेवढा पैसा गेला. क्रम उलटा हवा: चासी आणि तळ, मग ब्रेक, मग वायरिंग, मग इंजिन, आणि रंग अगदी शेवटी. पहिल्या पायरीवरच गाडं अडत असेल तर पुढच्या पायऱ्यांवर एक रुपयाही घालू नका.

आणि हिशेब करताना आजवर किती घातले ते धरू नका. ते गेले. इथून पुढे किती लागणार आणि तेवढ्यात चांगल्या अवस्थेतली, चालती इस्टेट मिळते का, एवढंच पाहा. अनेकदा मिळते.

"बघू पुढच्या वर्षी" म्हणून उभी ठेवणं

चालती गाडी झिजते, पण उभी गाडी सडते. आठवड्याला दोन मिनिटं चालू करून बंद केल्यानं गाडी जपली जाते असं आपण समजतो. उलट होतं. इंजिन पुरतं तापतच नाही, आत साठलेला दमटपणा बाहेर पडत नाही आणि बॅटरी मात्र उतरते. चालू करायचीच तर २०-२५ मिनिटं रस्त्यावर फिरवा, नाहीतर हात लावू नका. आमच्या गाडीचे ब्रेक उभ्या उभ्या धरून बसले, टायर खालून चपटे झाले आणि डॅशबोर्डमागची वायर उंदरांनी कुरतडली. डिकीचे शॉकअप केव्हाच गेले होते. आई झाडूचा दांडा लावून ती उघडी धरायची.

पण याहून मोठं नुकसान कागदावर झालं. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, त्यानंतर दर पाच वर्षांनी पासिंग करून वाढवावं लागतं. आमची मुदत २०२१ला संपली तेव्हा गाडी जागची हलत नव्हती. हलत नाही म्हणून आरटीओत पासिंगला नेता येईना, पासिंग नाही म्हणून दुसऱ्याच्या नावावर होईना. २०२०मध्ये कोल्हापूरचे एक गृहस्थ स्वतः येऊन गाडी बघून गेले होते. त्यांच्याकडे आधीच एक इस्टेट होती, ही दुसरी चालती ठेवायची त्यांची तयारी होती. मी "विचार करून कळवतो" म्हणालो. तो विचार चार वर्षं चालला.

तेव्हा तुमच्या आरसीवरची तारीख आजच बघा. मुदत संपायला वर्षभर उरलं असेल तर गाडी चालती असतानाच काय तो निर्णय घ्या. आता तर २० वर्षांवरच्या मोटारीचं रजिस्ट्रेशन वाढवायचं शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १० हजार रुपये झालं आहे, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा.

चावी दिली म्हणजे गाडी गेली, असं समजणं

जुन्या गाडीचा सौदा ओळखीत, विश्वासावर होतो आणि आरसी आपल्याच नावावर राहते. उद्या त्या गाडीनं कुणाला उडवलं तर? सर्वोच्च न्यायालयानं २०१८च्या निकालात स्पष्ट केलंय की नोंदीत ज्याचं नाव आहे तोच भरपाईच्या दाव्यात मालक धरला जातो, मग गाडी मधे कितीही हात बदललेली असो. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलून घ्या. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आरसीवर जुन्या कर्जाचा बोजा दिसत असेल तर तो उतरवण्याचं काम सगळ्यात आधी सुरू करा. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण ते फिटल्याचं पत्र घ्यायचं राहिलेलं असतं, आणि कर्ज देणारी कंपनीच बंद झालेली असली तर त्यातच महिने जातात.

भंगारात द्यायची असेल तर गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊ नका. वजनाचे पैसे तो रोख देतो, पण गाडी सरकारदरबारी जिवंत राहते. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात दिली की गाडी जमा केल्याचं डिपॉझिट प्रमाणपत्र मिळतं आणि नोंदणी रद्द होते. त्या प्रमाणपत्रावर नवी खासगी गाडी घेताना करात सवलतही असते. केंद्राच्या नियमात ती २५ टक्क्यांपर्यंत आहे, प्रत्यक्षात किती ते राज्य ठरवतं.

सामान काढून ठेवायचं असेल तर केंद्राला आधी विचारा, कोणते भाग काढलेले चालतात. आणि काढाल ते थेट वापरणाऱ्याच्या हातात द्या. माळ्यावर पोत्यात भरून ठेवलेली काच पुढच्या साफसफाईत फुटते. मी कोल्हापूरच्या त्या गृहस्थांना फोन केला. ते टेम्पो घेऊन आले, डिकीचं दार, मागच्या दोन्ही काचा आणि एक शाबूत दिवा गोधडीत गुंडाळून घेऊन गेले. चालती गाडी घ्यायला आलेला माणूस चार वर्षांनी तिचं दार घेऊन गेला, याचं मला अजून वाईट वाटतं.

उरलेली गाडी क्रेननं केंद्रावर गेली. जाण्याआधी फास्टॅग बंद केला, डॅशबोर्डच्या कप्प्यातली बाबांच्या अक्षरातली सर्व्हिसची वही काढून घेतली. विमा मात्र लगेच बंद केला नाही. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून रोज बघत होतो. नोंदणी रद्द झाल्याचं दिसलं त्या दिवशी विमा कंपनीला पत्र दिलं.