फौजेतून कॉर्पोरेटमध्ये येताय? इंटरव्ह्यूत 'आम्ही' कमी आणि 'मी' जास्त बोला

मी शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर, म्हणजे ठराविक मुदतीसाठी ऑफिसर म्हणून, १० वर्षं आर्मीत होतो, मेजर म्हणून बाहेर पडलो, आता चाकणला एका प्लांटमध्ये ऑपरेशन्स बघतो. इथे बऱ्याचदा मीच पॅनेलवर बसतो आणि समोर फौजेतून आलेला ऑफिसर असला की जीव तुटतो हो, कारण मला माहिती असतं या माणसाने काय काय निभावलंय, आणि अर्धा तास झाला तरी त्याच्या तोंडून स्वतःबद्दल एक सरळ वाक्य येत नाही. 'सर, आम्ही केलं. सर, युनिटने केलं. सर, जवानांची मेहनत होती.' अरे बाबा, पण तू काय केलंस?

हा स्वभावाचा दोष नाही, आपल्याला घडवलंच तसं जातं. एसएसबीच्या, म्हणजे ऑफिसर निवडण्याच्या मुलाखतीच्या, पाच दिवसांपासून बघितलं जातं की गडी सगळ्यांना बरोबर घेऊन जातो का, आणि पलटणीत यश सगळ्यांचं आणि चूक ऑफिसरची हे इतकं अंगात मुरतं की 'मी केलं' म्हणताना लाज वाटते. पण एचआरच्या मॅडमना अख्खी पलटण भरती करायची नसते, एकच माणूस घ्यायचा असतो.

म्हणून पहिलं काम, रिलीज व्हायच्या सहा-आठ महिने आधी एक वही सुरू करा. प्रत्येक अपॉइंटमेंटला एक पान. त्यावर तीनच गोष्टी लिहायच्या: चार्ज घेतला तेव्हा काय परिस्थिती होती, निर्णय मी कुठला घेतला, आणि सोडताना काय बदललेलं होतं. समजा तुम्ही एमटीओ, म्हणजे युनिटच्या गाड्या सांभाळणारे ऑफिसर होतात. 'आम्ही व्हीओआर (बंद पडलेल्या गाड्या) खाली आणली' हे पॅनेलला कळतही नाही आणि पटतही नाही. त्याऐवजी असं बोला: 'मी चार्ज घेतला तेव्हा शंभरातल्या साधारण १८ गाड्या बंद असायच्या. स्पेअरची मागणी महिन्यातून एकदा जायची, ती मी दर आठवड्याला लावली, आणि रोज सकाळी ड्रायव्हरकडून चेकलिस्ट भरून घ्यायला लागलो. आठ महिन्यांत आकडा ७ वर आला. स्पेअर मिळवण्यासाठी धावपळ माझ्या हवालदारांनी केली, पद्धत बदलायचा निर्णय माझा होता.' बघा, यात कुणाचं श्रेय ढापलं नाही आणि तुमचा वाटाही लपला नाही. कंपन्यांमध्ये याला स्टार मेथड म्हणतात, सिच्युएशन, टास्क, अ‍ॅक्शन, रिझल्ट. अशा सहा-सात गोष्टी तयार असल्या की बहुतेक सगळे प्रश्न त्यांच्यातूनच सुटतात, फक्त आकडे तुमचे खरे असू द्या कारण पॅनेल खोदून विचारतं.

आता कुणी म्हणेल की आकडे कसे सांगायचे, गोपनीय असतं. बरोबर आहे. ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्ट १९२३ चा आहे आणि युनिफॉर्म उतरवला म्हणून सुटका होत नाही. म्हणून युनिटचं नाव, ठिकाण, नफरी (माणसांची संख्या), हत्यारं यातलं काही बोलायचं नाही, टक्केवारीत बोलायचं आणि शक्यतो पीस स्टेशनच्या, म्हणजे सीमेपासून लांबच्या शांत छावणीतल्या, कामाची उदाहरणं घ्यायची. कुणी जास्तच खोलात गेलं तर 'हे मला सांगता येणार नाही, पण त्या कामातली प्लॅनिंगची बाजू सांगतो' एवढं शांतपणे म्हणा. कुणी नाराज होत नाही, उलट विश्वास बसतो.

दुसरं काम भाषेचं. टूआयसी (युनिटचा दुसऱ्या नंबरचा ऑफिसर), अ‍ॅडज्युटंट, क्यूएम, डिटेल करणे (कामावर नेमणं), बोर्ड ऑफ ऑफिसर्स (ऑफिसर्सची समिती), हे सगळं साध्या बोलीत आणा. क्यूएम म्हणजे क्वार्टरमास्टर, म्हणजे राशन, कपडे, स्टोअर्सचा हिशेब, मागणी, ऑडिट, म्हणजेच त्यांच्या भाषेत सप्लाय चेन आणि इन्व्हेंटरी. अ‍ॅडज्युटंट म्हणजे माणसांचं प्रशासन, शिस्त, कमांडिंग ऑफिसरच्या वतीने सगळ्यांशी समन्वय. ईएमई, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या, वर्कशॉपवाल्यांचं तर सरळ मेंटेनन्सच. सीव्ही झाला की आयटीतल्या चुलतभावाला वाचायला द्या, त्याने जिथे 'म्हणजे काय रे?' विचारलं तो शब्द बदला, वाद घालू नका.

'टेल मी अबाउट युवरसेल्फ'ला एनडीएपासून एकेक पोस्टिंग सांगत बसू नका. दोन मिनिटं पुरे, आणि सुरुवात शेवटून करा, म्हणजे आत्ता कुठलं काम येतं, त्याचे दोन पुरावे, आणि हीच जागा का हवी. आरशासमोर नको, मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका, पहिल्यांदा ऐकताना त्रास होतो पण दहाव्या वेळी जमतं.

एक प्रश्न हमखास येणार: 'इथे लोक ऑर्डर ऐकत नाहीत, मग तुम्ही काम कसं करून घेणार?' बरेच जण इथे चिडतात किंवा 'मी अ‍ॅडजस्ट करीन' म्हणून सोडून देतात. खरं तर हा आपला सगळ्यात मजबूत प्रश्न आहे! तेविसाव्या वर्षी लेफ्टनंट म्हणून गेलात तेव्हा समोर पंचवीस वर्षं नोकरी झालेले सुभेदार साहेब होते, वयाने वडिलांएवढे, सॅल्यूट तेच करायचे पण काम शिकलात तुम्ही त्यांच्याकडून. तिथे नुसत्या खांद्यावरच्या स्टारवर काम झालं होतं का? ज्या दिवशी साहेबांना तुमचं म्हणणं पटवून द्यावं लागलं तो एक प्रसंग आठवा आणि तोच सांगा. प्लांटमध्ये युनियनचा जुना कामगार किंवा वीस वर्षांचा अनुभव असलेला सुपरवायझर सांभाळायचा म्हणजे दुसरं काय असतं?

आणि फिल्डच्या, म्हणजे सीमेवरच्या आणि ऑपरेशनच्या, गोष्टींपासून सावध. माझ्या पहिल्याच इंटरव्ह्यूत पॅनेलने काश्मीरचं विचारलं, मी रंगून बोललो, त्यांनीही मन लावून ऐकलं, चहा झाला, निघताना तिघांनी उठून हात मिळवला, आणि नोकरी दुसऱ्याला मिळाली. घरी येऊन हिशेब केला तर पाऊण तासात कामाबद्दल दहा मिनिटंही बोलणं झालं नव्हतं. लोकांना खरंच आदर असतो म्हणून ते विचारतात. एका-दोन वाक्यांत उत्तर द्यायचं आणि आपणच गाडी कामावर आणायची.

'कुठलंही काम द्या सर, करीन' हे वाक्य तर पूर्ण बंद. फौजेत जिथे पोस्टिंग तिथे जायचं, तो गुणच आहे, पण इथे त्याचा अर्थ लागतो की याने विचार केलेला नाही. कंपनी लिस्टेड असेल तर तिचा अ‍ॅन्युअल रिपोर्ट वेबसाइटवर फुकट मिळतो, मॅनेजमेंट डिस्कशनची पानं नीट वाचा, धंदा कुठे वाढतोय कुठे अडलाय ते कळतं. मग एकच रोल धरून बोला. डीजीआरमार्फत (माजी सैनिकांच्या पुनर्वसनाचं सरकारी खातं) आयआयएमसारख्या ठिकाणी सहा महिन्यांचे मॅनेजमेंट कोर्स होतात, जमत असेल तर जरूर करा, आर्मीवाल्यांनी एडब्ल्यूपीओकडे (आर्मीची नोकरी मिळवून देणारी संस्था) नावही नोंदवून ठेवा.

का सोडलं याचं उत्तर सरळ द्या. शॉर्ट सर्व्हिस असेल तर टर्म संपली, विषय संपला. प्रमोशन बोर्डात नाव आलं नसेल तरी लपवायचं काही नाही, कर्नलपासून पुढे जागा फार कमी आणि बहुतेक निवड होऊनच रँक मिळते हे सिव्हिलमध्ये कुणाला माहिती नसतं, ते समजावून सांगा. फौजेबद्दल वाईट बोलू नका, आणि मनात सल असेल तर आधी घरच्यांशी बोलून मोकळे व्हा, तो आवाजात येतो.

पैशाचं गणित आधी करून जा. आपल्या पगारात महिन्याला १५,५०० एमएसपी (मिलिटरी सर्व्हिस पे) असतो तो जाणार, शिवाय क्वार्टर जाणार, घरभाडं आता खिशातून. पुण्यात भाडं काय आहे ते बघा आधी. आणि सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर होणारा एकूण खर्च, हा हातात येणारा पगार नव्हे. बेसिक ५०,००० धरलं तर १२ टक्क्यांनी कंपनीच्या वाट्याचा पीएफ ६,००० आणि ४.८१ टक्क्यांनी ग्रॅच्युइटी २,४०५, हे दोन्ही बहुतेक वेळा सीटीसीतच धरलेले असतात, तुमचे पीएफचे ६,००० वेगळे कापतात, आणि व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेला भाग, मिळेलच याची खात्री नाही. म्हणून फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती, मेडिकल इन्शुरन्समध्ये आई-वडील आहेत का, हे विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. आकडा सांगायची वेळ आली तर एकच आकडा नको, रेंज सांगा.

जाण्याआधी दोन-तीन मॉक इंटरव्ह्यू करा, आणि ते कोर्समेटबरोबर (अकादमीत बरोबर शिकलेला ऑफिसर) नको, तो तुमचीच भाषा बोलतो. वयाने लहान, सिव्हिल नोकरीतलं कुणी शोधा, भाची, शेजारची पोरगी, कुणीही. खऱ्या पॅनेलवर २७ वर्षांची एचआर तुम्हाला नावाने हाक मारणार आहे, तेव्हा चेहरा आक्रसायला नको. दर वाक्याला 'सर' नको, आणि खुर्चीत सावधानमध्ये बसू नका.

संध्याकाळी चार ओळींचा आभाराचा ईमेल टाका, आणि झोपायच्या आधी विचारलेले सगळे प्रश्न त्याच वहीत उतरवून जिथे अडखळलात तिथे खूण करा. पुढच्या इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री फक्त त्या खुणा वाचायच्या.